व्हायोलेटचं फूल: कवींची सवय आणि विनोदाची नजर

गुलाबाला तोरा, लिलीला सोवळेपण आणि व्हायोलेटला विनय, अशी फुलांची वाटणी युरोपातल्या कवितेने फार पूर्वीच करून टाकली. त्यातलं व्हायोलेट वीतभरही वाढत नाही. तरी अडीच हजारांहून अधिक वर्षं त्याच्यावर कविता होत आली आणि जवळपास तितकीच वर्षं त्याच्यावरून थट्टाही होत आली. या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी क्वचितच वाचायला मिळतात. कवितेचे अभ्यासक थट्टा बाजूला ठेवतात आणि विनोदाचे अभ्यासक फुलांच्या वाटेला जात नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना मला एक गोष्ट पटत गेली. कवितेने व्हायोलेटला एकदा नम्रतेची भूमिका दिली आणि मग त्याच्याकडे नीट पाहणं सोडलं. विनोदाने मात्र वेळोवेळी ते फूल आणि तो रंग पुन्हा डोळ्यांसमोर आणून ठेवला. याला एक मोठा अपवाद आहे. तो रंगाच्या बाबतीतला आहे आणि त्या वेळी थट्टा करणारेच चुकले होते.

आधी फुलाविषयी. कवितेतलं व्हायोलेट म्हणजे बहुधा व्हायोला ओडोराटा, गोड वासाचं व्हायोलेट. पानं हृदयाच्या आकाराची, खोडं जमिनीलगत पसरत जाणारी. हिवाळा सरता सरता फुलं येतात. पाच पाकळ्यांपैकी दोन वर, दोन बाजूंना आणि एक खाली. खालच्या पाकळीवर गडद रेघा असतात, त्या मधमाशीला मधाची वाट दाखवतात. हीच पाकळी मागच्या बाजूला एका आखूड, पोकळ नळीत संपते आणि मध तिथे साठतो. देठ टोकाशी वाकलेला असल्यामुळे फुलाने मान खाली घातल्यासारखी दिसते. या वाकलेल्या देठावरून कवींनी त्याचा स्वभाव ठरवला.

झाडाचा स्वभाव पाहिला तर त्यात विनय शोधूनही सापडत नाही. एकदा रुजलं की ते आडव्या खोडांनी आसपासची जागा व्यापत सुटतं. शिवाय वसंत संपल्यावर ते आणखी एक प्रकारची फुलं धरतं आणि ती कधी उमलतच नाहीत. पानांखाली, मातीच्या जवळ, बंद कळीच्या आतच पराग स्वतःच्याच बीजांडाला मिळतात आणि बी तयार होतं. रंगीत, वासाच्या फुलांपेक्षा या बंद कळ्याच बियांचं बरंचसं काम उरकतात. बीला तेलकट गराचा एक कण चिकटलेला असतो. त्या कणासाठी मुंग्या बी उचलून वारुळाकडे नेतात आणि झाड नव्या जागी पोचतं. खरं लपलेपण या बंद कळ्यांचं आहे, पण कवींनी लाजरं म्हटलं ते उघड्यावर वास पसरणाऱ्या फुलाला.

वासाच्या बाबतीत मात्र कवींचं निरीक्षण पक्कं होतं. व्हायोलेटचा वास येतो, लगेच नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जाणवतो. त्याच्या मुळाशी आयोनोन नावाची द्रव्यं आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फर्डिनांड टीमान आणि पाउल क्रूगर यांनी १८९३ मध्ये ती प्रयोगशाळेत तयार केली आणि अत्तरांच्या धंद्यात व्हायोलेटचा वास एकदम स्वस्त झाला. आपलं नाक आयोनोनला चटकन सरावतं, म्हणून वास विझल्यासारखा वाटतो. काही माणसांना तर बीटा-आयोनोनचा वास जन्मतःच नीट येत नाही, कारण वास ओळखणारं त्यांचं एक जनुक वेगळं असतं. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मध्ये लेअर्टीस बहिणीला बजावतो की राजपुत्राचं प्रेम व्हायोलेटसारखं आहे, गोड असलं तरी क्षणभर टिकणारं. रसायनशास्त्राला ही गोष्ट कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं लागली. या फुलाविषयी कवीने अचूक पाहिलेलं काही सांगायचं झालं, तर मी पहिल्यांदा हेच सांगेन.

इतिहासाची सुरुवात ग्रीसपासून करावी लागते. होमरच्या ‘ओडिसी’त कॅलिप्सोच्या गुहेभोवतीच्या कुरणात व्हायोलेट फुललेली आहेत आणि होमरचा समुद्रही कधी कधी व्हायोलेटच्या रंगाचा असतो. इ.स.पू. ६०० च्या सुमारास लेस्बोस बेटावर सॅफोने आपल्यापासून दूर गेलेल्या सखीची आठवण लिहिली. तिच्यात दोघींनी मिळून घातलेल्या व्हायोलेट आणि गुलाबांच्या माळा आहेत. या कवितेचे तुकडे तेवढे उरले आहेत, पण त्यातली व्हायोलेट उपमा म्हणून आलेली नाहीत. ती गळ्यातली खरी फुलं आहेत. पुढे स्त्रियांच्या परस्परांवरील प्रेमाची खूण म्हणून हे फूल पुन्हा पुन्हा आलं. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला रंगभूमीवर आलेल्या ‘द कॅप्टिव्ह’ या फ्रेंच नाटकाच्या रूपांतरात एक स्त्री दुसरीला व्हायोलेटचा गुच्छ पाठवते. सरकारी कारवाईने ते नाटक १९२७ मध्ये बंद पडलं. एका मुठीत मावणाऱ्या गुच्छाची इतकी धास्ती घेतली गेली.

अथेन्सला मात्र हे फूल खुशामतीच्या कामी आलं. पिंडार या कवीने त्या नगरीला व्हायोलेटचा मुकुट घातलेली असं म्हटलं आणि अथेन्सचे लोक खूष झाले. त्याच रचनेतल्या गौरवाबद्दल त्यांनी त्याला दहा हजार द्राख्मा दिले, असं अथेन्सचा वक्ता इसॉक्रेटीस सांगतो. मग इ.स.पू. ४२५ मध्ये ॲरिस्टोफेनीसचं ‘अकार्नियन्स’ आलं. त्यात कोरस प्रेक्षकांना तोंडावर सुनावतो की परक्या शहरांचे वकील तुम्हाला फसवायला येतात, तेव्हा आधी व्हायोलेटच्या मुकुटाचं नाव काढतात, आणि ते ऐकताच तुम्ही ढुंगणाच्या टोकावर सरसावून बसता. वर कुणी अथेन्सला चकचकीत म्हटलं, तर त्याला हवं ते मिळतं, आणि ते विशेषण तर तेलात चमकणाऱ्या बारीक मासळीला शोभणारं. या नाटकाला त्या वर्षीच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. ज्यांची टर उडवली, त्यांनीच ते दिलं.

हा विनोद मला फार मोलाचा वाटतो. ॲरिस्टोफेनीसला फुलाविषयी काहीच तक्रार नाही. त्याला राग आहे तो ठराविक विशेषणाचा. एका फुलाचं नाव घेतलं की सगळी सभा विरघळते आणि समोरचा माणूस काय मागतो आहे हे कुणी विचारत नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘नाइट्स’ या नाटकात जुन्या, भल्या अथेन्सचं वर्णन करताना त्याने तेच विशेषण स्वतः मनापासून वापरलं आहे. जुनं अलंकरण कधी शोभतं आणि कधी घातक होतं, हे ज्याला कळतं तोच असा विनोद करू शकतो.

ग्रीक आणि रोमन लोकांनी व्हायोलेटला दारूच्या मैफलीतही जागा दिली. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये प्रेमावरची गंभीर भाषणं चालू असताना झिंगलेला अल्किबायडीझ दारात येतो. त्याच्या डोक्यावर आयव्हीची वेल आणि व्हायोलेट यांची दाट माळ असते. आत येताच तो डोक्यावरच्या फिती सोडून आधी यजमान अगॅथॉनला आणि मग सॉक्रेटिसला बांधतो आणि तिथून ग्रंथाचा सूर पार पालटतो. रोमन लेखक प्लिनीने तर व्हायोलेटची माळ घातल्याने आणि तिचा वास घेतल्याने दारूचा अंमल आणि डोकं जड होणं कमी होतं, असं नोंदवून ठेवलं आहे. अल्किबायडीझने ती माळ औषध म्हणून घातली नसावी.

पूर्वेकडे फारसी कवितेत हेच फूल बनफशा नावाने नांदतं. तिथे वाकलेल्या देठाचा अर्थ वेगळा लागला. बनफशा गुडघ्यावर डोकं टेकून बसलेलं, निळसर काळ्या वस्त्रातलं, शोक करणारं फूल झालं. हाफिजसारख्या कवींनी त्याचा संबंध प्रेयसीच्या कुरळ्या बटांशी जोडला. त्या बटांपुढे लाजून बनफशा मान खाली घालतं. याच नावाने हे फूल महाराष्ट्रात पोचलं, पण ते कवितेतून नव्हे. काष्ठौषधींच्या दुकानात गुले बनफशा मागितलं की वाळून तपकिरी पडलेली फुलं आणि पानं पुडीत बांधून मिळतात. हिमालयाच्या उतारांवरून गोळा केलेला हा माल आहे. सर्दी-खोकल्याच्या युनानी काढ्यात, जोशांद्यात, तो ज्येष्ठमधाबरोबर पडतो. हाफिजच्या बागेतलं फूल आपल्याकडे अनेक घरांत खोकल्याच्या काढ्यातून येऊन गेलं, आणि ते व्हायोलेट आहे हे पिणाऱ्यांच्या ध्यानातही आलं नाही.

इंग्रजीत शेक्सपियरने व्हायोलेटला दोन्ही बाजूंनी वापरलं. ‘हॅम्लेट’मध्ये वेडी झालेली ओफिलिया सगळ्यांना फुलं वाटते, पण व्हायोलेट देऊ शकत नाही. बाप मेला तेव्हाच ती सुकली, असं ती सांगते. तिच्या दफनाच्या वेळी भाऊ म्हणतो की हिच्या देहातून व्हायोलेट उगवोत. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये मात्र याच कुळातलं रानटी पॅन्सी विनोदाचं यंत्र बनतं. मदनाचा नेम चुकतो, बाण या पांढऱ्या फुलाला लागतो आणि ते जांभळं पडतं. त्याचा रस डोळ्यांत घातला की जाग येताच जो पहिला दिसेल त्याच्यावर जीव जडतो. पऱ्यांची राणी टायटेनिया गाढवाचं डोकं बसवलेल्या विणकरावर भाळते ती याच रसामुळे. ९९ व्या सुनीतात तर कवी व्हायोलेटला चोर ठरवून दटावतो. हा सुगंध तू माझ्या प्रियाच्या श्वासातून उचललास, असा आरोप आहे. आरोप करता करता सुनीताच्या १४ ओळींच्या पंधरा झाल्या आहेत.

रॉबर्ट हेरिकने १६४८ च्या ‘हेस्पेरिडीज’ या संग्रहात व्हायोलेट निळी कशी झाली, याची आठ ओळींची गोष्ट सांगितली आहे. व्हीनस आणि व्हायोलेट यांच्यात सुगंध कुणाचा चांगला यावर वाद होतो. व्हीनस हरते आणि चिडून त्या बिचाऱ्या पोरींना बडवून काढते. माराचे वळ उठले तोच त्यांचा रंग. या गोष्टीत क्रौर्य आहे, हे मान्य. पण हेरिकच्या व्हायोलेट लाजून गप्प बसत नाहीत. त्या देवीशी भांडतात आणि जिंकतात. त्या काळच्या नाजूक फुलकवितांच्या गर्दीत मला हीच कविता अधिक जिवंत वाटते.

व्हायोलेटचा विनय टोकाला नेला तो जर्मनीत ग्योटेने. ‘एर्विन उंड एल्मिरे’ या त्याच्या १७७५ च्या संगीतिकेत एक गीत आहे. कुरणातल्या व्हायोलेटला वाटतं, घडीभर आपण सृष्टीतलं सर्वांत सुंदर फूल व्हावं, म्हणजे येणारी मेंढपाळ मुलगी आपल्याला खुडून छातीशी धरील. मुलगी येते, तिचं लक्षच जात नाही आणि फूल तिच्या पायाखाली चिरडतं. मरतानाही त्याला आनंद वाटतो, कारण मरण तिच्या पायांनी आलं. ८ जून १७८५ रोजी मोत्सार्टने याला चाल लावली. ग्योटेच्या शब्दांवरचं त्याचं हे एकच गाणं. शेवटी त्याने फुलाची कीव करणारे दोन-चार शब्द पदरचे घातले आणि मग गाणं थांबवलं. कवीने फुलाला मरणातही खूष ठेवलं, पण संगीतकाराला ते पटलं नाही. त्याची दया मला ग्योटेच्या कल्पनेपेक्षा खरी वाटते.

यानंतर दुसरं तुडवलेलं व्हायोलेट येतं ते विनोदी नाटकात. बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१३ मध्ये व्हिएन्नात आणि १९१४ मध्ये लंडनला रंगभूमीवर आलं. पहिल्या प्रवेशात कॉव्हेंट गार्डनला पाऊस पडतो आहे. टॅक्सी शोधायला धावणारा फ्रेडी फुलं विकणाऱ्या एलायझाला धडकतो आणि तिच्या टोपलीतल्या व्हायोलेटच्या दोन जुड्या चिखलात जातात. एलायझा मरतानाही आनंदी राहणाऱ्यांतली नाही. ती ओरडते आणि नुकसानभरपाई मागते. फ्रेडीची आई तिच्या हातावर सहा पेन्स ठेवते. त्यावर बहीण चिडते, उरलेले पैसे परत घे म्हणते, कारण ही फुलं पेनीला एक जुडी मिळतात. व्हायोलेटच्या साहित्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा प्रसंग. व्हायोलेटवर आयुष्य ओवाळून टाकणाऱ्या कवींना ज्याची चौकशी करावीशी वाटली नाही, तो फुलाचा भाव शॉने भर रंगमंचावर सांगितला. फूल चिरडतं तेव्हा ते विकून पोट भरणारी बाई कुठे असते, हा प्रश्न ग्योटेच्या कुरणात उठूच शकत नव्हता.

मराठी रसिकांना ही एलायझा मंजुळा म्हणून ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे यांचं ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये आलं आणि भक्ती बर्वे यांनी ती भूमिका अजरामर केली. पु.लं.नी नाव घेतलं ते बालकवींच्या ‘फुलराणी’चं. हिरव्या गालिच्यावर खेळणाऱ्या अल्लड कळीचं नाव रस्त्यावर फुलं विकणाऱ्या, फाटक्या तोंडाच्या पोरीला देण्यात मोठी कलात्मक समज आहे. कवितेतलं फूल आणि बाजारातलं फूल एकाच नावाखाली समोरासमोर येतात आणि प्रेक्षक हसता हसता मंजुळेच्या बाजूने उभा राहतो.

इंग्रजी शिकलेल्या मराठी कवींना व्हायोलेट भेटलं ते वर्डस्वर्थकडून. १८०० मधल्या ‘लिरिकल बॅलड्स’च्या आवृत्तीत ल्यूसी नावाच्या मुलीवरची छोटी कविता आहे. ती माणसांच्या वाटेपासून दूर राहिली, शेवाळलेल्या दगडाआडच्या व्हायोलेटसारखी जगली आणि मेली. पुढे पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’त ही कविता आली आणि त्या संग्रहाने केशवसुतांच्या पिढीला आधुनिक इंग्रजी भावकवितेची ओळख करून दिली. कुणाच्या नजरेत न येता फुलणाऱ्या फुलाचं आकर्षण मराठीतही त्या काळात दिसतं. रेव्हरंड टिळकांनी ‘वनवासी फूल’ लिहिलं ते याच वातावरणात. टिळकांनी व्हायोलेट उसनं आणलं नाही, इथलं रान आणि इथलं वैराग्य घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

वर्डस्वर्थच्या त्या कवितेचं विडंबन केलं ते त्याच्याच मित्राच्या, कोलरिजच्या मुलाने. हार्टली कोलरिजने ल्यूसीच्या जागी खुद्द वर्डस्वर्थला बसवलं. रायडल सरोवराच्या वाटेवर एकांतात राहणारा आणि फार थोड्यांनी वाचलेला कवी, असं त्याने रंगवलं. विडंबन चांगलं साधलं आहे, कारण घाव मर्मावर आहे. आपण किती दुर्लक्षित आहोत हे सांगणारी कविता छापून लोकांपुढे मांडायची, यात थोडी विसंगती आहेच. मराठीत हे काम १९२५ मध्ये केशवकुमार, म्हणजे आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुलें’मध्ये केलं. रविकिरण मंडळाच्या हळव्या कवितेची खोड मोडताना त्यांनी नावही नाजूक फुलाचं घेतलं नाही. दसऱ्याला ढिगाने विकला जाणारा, गाडीला आणि यंत्राला वाहिला जाणारा झेंडू घेतला. कवितेतल्या फुलाच्या सवयीला फुलानेच दिलेलं हे उत्तर आजही तितकंच ताजं आहे.

व्हायोलेटची सर्वांत मोठी थट्टा पोरांच्या तोंडची आहे. गुलाबाला लाल आणि व्हायोलेटला निळं म्हणणारं इंग्रजी बालगीत सगळ्या जगाला माहीत आहे. त्याची बीजं एडमंड स्पेन्सरच्या १५९० मधल्या ‘फेअरी क्वीन’मध्ये सापडतात आणि १७८४ च्या ‘गॅमर गर्टन्स गार्लंड’ या बालगीतांच्या संग्रहात ते ओळखू येण्याजोग्या रूपात छापलेलं आहे. मग व्हॅलेंटाइनच्या शुभेच्छापत्रांनी ते गुळमुळीत करून टाकलं. शाळकरी मुलांनी त्याचे पाय पकडून त्याला उलटं टांगलं. पहिल्या दोन ओळी तशाच ठेवायच्या आणि पुढच्या दोन ओळींत मास्तर, भाऊ, मांजर, गणिताचा पेपर, जे सापडेल ते कोंबायचं. या लाखो विडंबनांतली एक तक्रार मला खास वाटते: व्हायोलेट निळं कुठे असतं, ते तर जांभळं असतं! ज्या मुलाने पहिल्यांदा ही शंका काढली, त्याने त्या गाण्याच्या इतिहासात कदाचित पहिल्यांदाच फुलाकडे मान वळवून पाहिलं. यमकासाठी फुलाचा रंग बदलून टाकायचा आणि दोनशे वर्षं कुणी हरकत घेऊ नये, इतकी ती सवय पक्की झाली होती.

व्हायोलेटच्या राजकीय थट्टेचाही एक नमुना सांगायला हवा. १८१४ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावर गेला, तेव्हा त्याच्या समर्थकांनी व्हायोलेट ही खूण ठरवली. वसंतात हे फूल परत येतं, तसा तोही येईल. १८१५ च्या मार्चमध्ये तो खरोखर आला. त्या वर्षी कानू नावाच्या चित्रकाराने व्हायोलेटच्या गुच्छाचं एक छापील चित्र काढलं. पाहणाऱ्याला साधा गुच्छ दिसतो. नजर फुलं आणि पानं यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवली की नेपोलियनचा, राणी मारी-लुईजचा आणि त्यांच्या मुलाचा चेहरा उमटतो. पोलिसांसमोर भिंतीवर टांगता येईल असा हा कोड्यातला विनोद होता.

आता रंगाकडे. न्यूटनने ‘ऑप्टिक्स’मध्ये, १७०४ साली, सूर्यप्रकाशाचे सात रंग सांगितले आणि त्यांचा मेळ संगीताच्या सप्तकाशी घातला. मराठी शाळेतल्या ‘तानापिहिनिपाजा’त शेवटी येतो तो जा, म्हणजे जांभळा, या रांगेतला व्हायोलेट. तांबडा आणि निळा मिसळून होणारा जांभळा वेगळा, तो इंद्रधनुष्यात नसतो. पण कवी, कापडवाले आणि विनोदी लेखक यांनी ही दोन्ही भावंडं नेहमी एकाच पंगतीत बसवली आणि त्यांच्याविषयी लिहिताना आपल्यालाही तसंच करावं लागतं.

१८५६ मध्ये लंडनला १८ वर्षांचा विल्यम पर्किन घरच्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरातून क्विनाइन काढायच्या खटपटीत होता. हिवतापावरचं ते औषध हिंदुस्थानसारख्या वसाहतींत ब्रिटिशांना फार हवं होतं. क्विनाइन मिळालं नाही. काळा साका धुताना एक जांभळी छटा हाती लागली आणि ती रेशमावर पक्की बसली. या रंगाला पुढे मॉव्ह म्हणू लागले. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने मुलीच्या लग्नात याच छटेचा पोशाख केला आणि लंडनच्या रस्त्यांवर फिकट जांभळ्याचा पूर आला. १८५९ मध्ये ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने त्याला चक्क रोग ठरवलं आणि मॉव्ह गोवराची साथ आल्याचं जाहीर केलं. रोगाची पहिली खूण म्हणजे डोक्यावर आणि मानेवर उठणारं फितींचं पुरळ. मग ते सगळ्या अंगभर पसरतं. हा विनोद योग्य ठिकाणी लागला, कारण रोख आंधळ्या अनुकरणावर होता.

आता तो अपवाद. पॅरिसमध्ये इंप्रेशनिस्ट चित्रकार उघड्यावर जाऊन रंगवू लागले, तेव्हा त्यांच्या सावल्या काळ्या-तपकिरी न येता निळ्या-जांभळ्या येऊ लागल्या. रंगही हाताशी होते. कोबाल्ट व्हायोलेट १८५९ मध्ये निघालं होतं. १८७६ च्या प्रदर्शनावर लिहिताना ‘ल फिगारो’चा समीक्षक अल्बेर वुल्फ चवताळला. झाडं जांभळी नसतात आणि आभाळ ताज्या लोण्यासारखं नसतं, हे कुणीतरी त्यांच्यातल्या पिसारोला समजावून सांगा, असा त्याचा सूर होता. काही वर्षांनी कादंबरीकार ह्युसमान्सने या चित्रकारांना निळ्या रंगाचं वेड लागलंय, त्यांच्या डोळ्यांतच बिघाड आहे, असं लिहिलं. पुन्हा रोगाचीच उपमा, ‘पंच’सारखी. लोक खूप हसले.

इथे मात्र हसणारे चुकले. पिवळट ऊन पडलेल्या जमिनीवरची सावली आभाळाच्या निळ्या प्रकाशाने उजळते आणि पिवळ्याच्या शेजारी डोळ्याला ती जांभळट दिसते. मे महिन्यात दुपारी चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर पडलेली झाडाची सावली कुणीही पाहावी. पिसारो आणि मोने जे दिसतं तेच रंगवत होते. वुल्फला शाळेत शिकवलेलं झाड ठाऊक होतं, उन्हातलं झाड ठाऊक नव्हतं. ॲरिस्टोफेनीसने सवयीवर हल्ला केला होता, वुल्फने सवयीच्या वतीने पाहणाऱ्यावर हल्ला केला. विनोद पाहणाऱ्याच्या बाजूने आहे की न पाहणाऱ्याच्या, या एका कसोटीवर मी व्हायोलेटवरचे सगळे विनोद तपासतो, आणि वुल्फ तिथे नापास होतो. त्याने ज्यांची खिल्ली उडवली, ती चित्रं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

विसाव्या शतकाकडे येताना जांभळा हा हसण्याचाच रंग झाला. जेलेट बर्जेसने १८९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द लार्क’ या मासिकात जांभळ्या गाईवर चार ओळी लिहिल्या. आपण अशी गाय पाहिलेली नाही आणि पाहायची इच्छाही नाही, पण तशी गाय होण्यापेक्षा ती पाहिलेली बरी, असा त्यांचा आशय. त्या इतक्या पाठ झाल्या की काही वर्षांत बर्जेसने दुसऱ्या चार ओळी लिहून, त्या पहिल्या ओळी म्हणून दाखवणाऱ्याला ठार मारायची धमकी दिली. रोआल्ड डाल यांच्या १९६४ मधल्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’त व्हायोलेट बोरगार्ड ही अखंड च्युइंगगम चघळणारी, बढाईखोर मुलगी आहे. मनाई असताना ती तीन पदार्थांच्या जेवणाचं गम तोंडात टाकते. सूप होतं, मांस होतं आणि ब्लूबेरी पाय आल्यावर ती जांभळी होऊन चेंडूसारखी फुगते. पुस्तकाच्या शेवटी तिच्यातला रस काढलेला असतो, पण चेहरा जांभळाच राहतो. लाजऱ्या फुलाचं नाव सर्वांत निर्लज्ज मुलीला देणं, ही डाल यांची नेमकी खोडी.

आणि १९६१ मधली जेनी जोसेफ यांची ‘वॉर्निंग’. वयाच्या अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षी लिहिलेल्या या कवितेत एक स्त्री सांगते की म्हातारी झाल्यावर मी जांभळं नेसेन, त्यावर न शोभणारी लाल टोपी घालेन आणि आयुष्यभर पाळलेला शहाणपणा सोडून देईन. १९९६ मध्ये बीबीसीच्या मतचाचणीत युद्धोत्तर काळातली ब्रिटनची सर्वांत आवडती कविता म्हणून तिची निवड झाली. १९९८ पासून अमेरिकेत वयस्क बायकांनी लाल टोपी आणि जांभळा पोशाख घालून एकत्र चहापान करणारी मंडळं काढली. कविता आणि विनोद एकाच कपड्यात इतक्या सहज नांदलेले मला दुसरीकडे दिसले नाहीत. व्हायोलेटच्या विनयावर शतकानुशतकं चाललेल्या कवितांपेक्षा, विनयाला रामराम ठोकणारी ही एकच कविता मी वर ठेवीन.

मराठी वाचकाला या सगळ्याचा धागा हाताशी हवा असेल, तर त्याला युरोपला जायची गरज नाही. दिवाळीनंतर रोपवाटिकांत पॅन्सी येतात, त्या व्हायोलेटच्या सख्ख्या नात्यातल्या. कुंडीत मिळणारं आफ्रिकन व्हायोलेट मात्र नावापुरतं व्हायोलेट आहे, त्याचं कूळ वेगळं. पण याच व्हायोलेसी कुळातलं एक अस्सल इथलं झाड आपल्या माळरानांवर पावसाळ्यात उगवतं. ते म्हणजे रतनपुरुष. वीत-दीड वीत उंची, अरुंद पानं आणि गुलाबी-जांभळं फूल. त्याच्या चार पाकळ्या इतक्या लहान की दिसतही नाहीत आणि पाचवी ऐटीत पुढे पसरलेली. यंदा श्रावण-भाद्रपदात माळावर गेलात तर गवतात ते शोधा, गुडघे टेकून जवळून पाहा, आणि कवी असाल तर त्याच्यावर लिहा. विडंबन लिहिलंत तरी चालेल, फक्त फूल आधी पाहून घ्या.